वेणीची सावली

जानेवारीतल्या एका सोमवारी दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या छातीचे फोटो काढले. ताईचाही काढला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि बाजूला ठेवला. संध्याकाळच्या एसटीनं ताई घरी आली.

आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. हाताचा फोटो, छातीचा फोटो. त्या दिवशी काही घडलं असं घरात कुणालाच वाटलं नाही. रस्त्यावर उसाच्या गाड्या होत्या, हवेत मळीचा वास होता आणि सकाळी आईनं ताईची वेणी घातली होती. हंगामातले सगळेच दिवस असे असायचे.

आता पुन्हा हंगाम सुरू झाला आहे. कारखान्याचा बॉयलर पेटला की आधी वास येतो, मागून काजळी. वास गोडसर, आंबलेला, जेवताना घासाबरोबर तोंडात जाणारा. काजळी हलकी, बोट लावलं की पसरणारी. आज सकाळी मी दोरीवरून माझा सदरा काढला तर खांद्यावर तिचे ठिपके होते. झटकायला गेलो आणि एकेका ठिपक्याची रेघ झाली. ताई असती तर ओरडली असती, "झटकू नको, फुंकर मार." तिला हे माहीत होतं, कारण तिच्या सगळ्या साड्या पांढऱ्या होत्या. बारामतीच्या एका दवाखान्यात ती नर्स होती. हंगामात ती साड्या बाहेर वाळत घालायचीच नाही. घरात दोन खिळ्यांना दोरी बांधायची, आणि मी पुस्तक घेऊन बसलो की ओल्या साडीचं टोक माझ्या डोक्याला लागायचं.

"कारखान्याला सांग म्हणावं, आमचे कपडे धुऊन द्या," असं ती दरवर्षी म्हणायची.

"कारखाना हाय म्हणून गावात चार पैसं हायती. गप बस," असं आई दरवर्षी उत्तर द्यायची.

निमगाव केतकी बारामती आणि इंदापूरच्या मधोमध आहे. ताई बारामतीला जायची, मी इंदापूरला, तिथल्या महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून. सकाळी आम्ही घरातून बरोबर निघायचो आणि रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहायचो. तिची एसटी आधी आली तर ती खिडकीतून हात करायची. माझी आधी आली तर तोंड फिरवायची. मधून उसाचे ट्रॅक्टर जायचे, बैलगाड्या जायच्या आणि त्यांच्या मागून ऊस ओढायला पोरं पळायची. एखादा ऊस ताईच्या पायाशी पडला तर ती तो उचलून पोरांना द्यायची आणि वर दम भरायची, "गाडीखाली आलात तर मलाच शिवावं लागेल." मी अजूनही त्याच ठिकाणी उभा राहतो. समोरच्या बाजूला उभे असणारे लोक आता बदलले आहेत.

वडील आम्ही लहान असतानाच गेले. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, वडिलांनी आम्हाला शाळेत घातलं, आणि पुढचं सगळं आईनं दुसऱ्यांच्या पानमळ्यात खुरपं धरून केलं. ताई शिकली, नोकरीला लागली, तेव्हा आईनं एवढंच सांगितलं की आता तुझं तू बघायचं, पण वेणी मी घालणार. ताईचे केस दाट होते, कमरेपर्यंत. आई उंबऱ्यावर बसायची, ताई खालच्या पायरीवर चहाची कपबशी घेऊन.

"वळवळू नगं गं."

"आई, गाडी जाईल."

"जाऊ दे. मागनं दुसरी येती. असल्या अवतारात गेलीस तर लोक म्हणतील, हिला आई न्हाय वाटतं."

"तिशी उलटलेल्या बाईला कोण म्हणतंय असं?"

"मीच म्हणंन."

ताईनं लग्न केलं नाही. विषय निघाला की आधी धाकट्याचं उरका म्हणायची. माझं झालं, मला मुलगी झाली, तरी तिला घाई नव्हती. पुढं माझी मुलगी दोन वेण्यांच्या वयाची झाली आणि पायरीवर रांग लागायला लागली. आधी आत्या, मग भाची. आईच्या बोटांत खुरप्याचं बळ होतं. तिनं घातलेली वेणी दिवसभर कामात, धक्क्यात, एसटीच्या गर्दीत सैल होत नसे. ताई दवाखान्यात पोचली की ती वेणी गुंडाळून वर टाचायची, कारण ड्युटीवर केस वर बांधायचा नियम होता. पण तो नियम ड्युटी सुरू झाल्यावरचा. छातीचे फोटो निघायचे ते ड्युटीच्या आधी, एसटीतून उतरल्या उतरल्या.

ही तपासणी दरवर्षी व्हायची. वजन, रक्त, छातीचा फोटो. रोग्यांमध्ये वावरणाऱ्यांना रोग लागला तर तो वेळेवर कळावा, एवढाच तिचा हेतू. आमच्या भागात तेव्हा फार कमी ठिकाणी असं काही होत असेल. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना त्याचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण हा माणूस निष्काळजी, लबाड असता तर मला राग धरायला सोपं गेलं असतं.

फोटो काढायला दत्तूमामा होते. काटेवाडीचे. सकाळी मोटारसायकलला दुधाचं कॅन अडकवून यायचे आणि साऱ्या दवाखान्याच्या चहाला घरचं दूध पुरवायचे. म्हणून ते सगळ्यांचेच मामा. एरवी बाई रोगी आली की तिला पडद्याआड न्यायचं काम आयाचं. गळ्यातलं काढून ठेवायचं, झगा घालायचा, केस वर घेऊन चिमटा लावायचा, हे सगळं आया करायची. मामा बाहेरून फक्त "श्वास घ्या, रोखा" म्हणायचे. स्टाफच्या तपासणीच्या दिवशी मात्र आया स्वतःच रांगेत उभी असायची. पडद्याआड कुणीच नसायचं. मामांना ओळखीच्या बायकांना केस वर घ्या म्हणून सांगणं जमत नसे. ते जमिनीकडं बघून म्हणायचे, "चला सिस्टर, तुमी घरच्याच. टेका छाती. झालं."

रोज येणाऱ्या परक्या बाईला जी काळजी मिळायची, ती घरच्यांना मिळायची नाही. घरच्या होत्या म्हणूनच.

पाठीवर जाड वेणी असली की तिची सावली फोटोत फुफ्फुसाच्या वरच्या टोकावर पडते. क्षय बहुतेक वेळा आधी तिथंच बसतो. हे दोन्ही मला फार उशिरा कळलं. तिथल्या लोकांना दोन्ही माहीत होतं.

त्या सोमवारी रात्री जेवताना ताईनं हसत हसत सांगितलं. डॉक्टर चहा पीत एकेक फोटो उजेडावर धरत होते. ही वेणी. ही पण वेणी. ताईचा फोटो आला तेव्हा त्यांनी तिला हाक मारली. "सुजाता सिस्टर, तुमच्या वेणीचा फोटो फार छान आलाय हो. छाती कमी, वेणीच जास्त." सगळे हसले. ताईही हसली.

आई चुलीपाशी होती. तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "माझ्या हातची हाय. यायचाच फोटू."

आम्ही पुन्हा हसलो. मुलीला कळलं काही नाही, पण तीही हसली. आईच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद होता तो मला विसरता येत नाही. तिच्या हाताची कामगिरी मोठ्या डॉक्टरांच्या नजरेत भरली होती.

वेणीची सावली तिथं होती, हे खरं. त्या सावलीत आणखी एक सावली होती. दोन्ही वेगळ्या करायला काय लागलं असतं? केस वर घ्यायचे आणि आणखी एक फोटो काढायचा. डॉक्टरांचा चहा निवायच्या आत झालं असतं. माझ्या ग्रंथालयातही दरवर्षी पुस्तकांची मोजणी होते, आणि कपाटाचं दार न उघडता काचेतून पुस्तकं मोजणारे मी पाहिले आहेत. काचेतून सगळं जागेवरच दिसतं. ज्याला सगळं जागेवर आहे असंच बघायचं असतं, त्याला आणखी काही दिसत नाही.

हंगामात सगळेच खोकतात. थंडी असते, रस्त्यावर धूळ असते, हवेत राख असते. आम्ही त्याला हंगामाचा खोकला म्हणतो आणि कारखाना बंद व्हायची वाट बघतो. ताईलाही खोकला होता. उन्हाळ्यात कारखाना बंद झाला. गाड्या थांबल्या, ऊसतोडीच्या टोळ्या आपापल्या गावी गेल्या, वास गेला. ताईचा खोकला राहिला. पावसाळ्यात संध्याकाळी अंग तापायला लागलं. कुणी विषमज्वर म्हटलं, कुणी अशक्तपणा. गोळ्या दिल्या, टॉनिक दिलं. ती बारीक होत होती, आणि बरोबरच्या नर्सा तिला विचारत होत्या, काय करतेस गं, आम्हालाही सांग.

मी एकदा म्हणालो, "ताई, एकदा छातीचा फोटो काढून घे."

"जानेवारीत काढलाय की. क्लिअर आहे."

डॉक्टरही तेच म्हणाले. आया तेच म्हणाली. आईनं विचारलं तर आईला मीच तेच सांगितलं. जानेवारीत तपासणी झाली आहे. या एका वाक्यापाशी सगळ्यांची शंका थांबायची. ती तपासणी झालीच नसती, तर कदाचित कुणीतरी ताईला तपासलं असतं. हा विचार एसटीत, ग्रंथालयात, कुठंही मनात येतो, आणि आला की हातातलं पुस्तक पुढं जात नाही.

त्या पावसाळ्यात आई तेल बदलत होती. "केस गळाय लागल्यात गं हिचं. मुठीत मावत नव्हती ती वेणी आता दोन बोटात येती. ह्या तेलात कायतरी भेसळ हाय." आधी माक्याचं तेल झालं, मग जास्वंदीचं. ताई डोळे मिटून पायरीवर बसून राहायची. गाडी जाईल असं म्हणायचं तिनं सोडून दिलं होतं.

पुढच्या जानेवारीत तपासणीच्या वेळी दत्तूमामा मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते. त्यांच्या जागी बाहेरगावचा एक माणूस आला होता. त्याला कोण घरचं, कोण बाहेरचं, काही माहीत नव्हतं. रांगेतल्या प्रत्येकीला तो एकाच आवाजात सांगत होता, "केस वर घ्या, बाई. मान सरळ." ताई घरी येऊन कुरकुरली. "नवीन माणूस उद्धट आहे. सिस्टर म्हणत नाही, बाई म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. या वेळी कुणी हसलं नाही.

त्यानंतरचं सगळं मला क्रमानं आठवत नाही. गोळ्या, इंजेक्शनं, पुण्याच्या फेऱ्या. एरवी या रोगाला औषध आहे. ताईच्या रोगाला ते लागू पडेना. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, जिच्याकडून किंवा ज्याच्याकडून हा आला त्यानं औषधं मध्येच सोडली असावीत, त्यामुळं जंतू चिवट झाले. गावात हे पसरायला वेळ लागला नाही. पारावर लोक बोलायला लागले, तोडकऱ्यांनी आणलं. असेलही. ताईच्या वॉर्डात तोडीवरच्या बायका असायच्या, खोकत असायच्या, आणि टोळी पुढच्या गावाला निघाली की औषध अर्ध्यावर टाकून त्यांना निघावं लागायचं. त्यांच्या पोरांना ताई चहात बुडवून पाव द्यायची. शेवटच्या दिवसांत मी रागानं त्या लोकांबद्दल काहीतरी बोललो. तिनं मान हलवली. "त्यांचा फोटो तरी कुणी काढला होता?" एवढं बोलून तिला धाप लागली.

पुण्याच्या डॉक्टरांनी आदल्या वर्षीचा फोटो मागितला होता. मी तो बारामतीहून नेला. आई बरोबर होती. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी उजेडावर धरले. जुन्यात एक जाड, पीळदार सावली होती. तीन पेडांची. आईनं ती लांबूनही ओळखली. त्या सावलीच्या कडेला बोट ठेवून डॉक्टर म्हणाले, "हे तेव्हाही होतं."

परत येताना आम्ही बारामतीच्या दवाखान्यात गेलो. मोठे डॉक्टर खुर्चीवरून उठले, आईला बसवलं, पाणी दिलं. मग फार हळू आवाजात, तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "आजी, वेणीमुळं दिसलं नाही हो."

आईनं पाण्याचं भांडं तसंच खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यावर फणी होती, तेलाची बाटली होती, पायरीवर माझी मुलगी बसली होती. आई आलीच नाही. मुलीनं हाक मारली, पुन्हा मारली. आई न्हाणीत तोंड धूत उभी राहिली, पोरीची शाळेची वेळ निघून जाईपर्यंत.

कारखाना बंद झाल्यावर, उन्हात, ताई गेली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी डॉक्टरांकडे गेलो. भांडायला गेलो नव्हतो. मी त्यांना एवढंच म्हणालो, "एकदा घरी या आणि आईला सांगा की वेणीचा दोष नव्हता. केस वर घेऊन पुन्हा फोटो काढायचा राहून गेला, एवढंच सांगा."

"सर, तपासणी नियमाप्रमाणं झाली होती."

"मी ते विचारत नाहीये."

"शिवाय आता असं काही लेखी देणं म्हणजे..."

"लेखी नको. तोंडी. माझ्या आईला."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं. शेवटी म्हणाले, "येईन सवडीनं."

दिवाळीला त्यांच्याकडून मिठाईचा पुडा आला.

मला त्यांच्याकडून दुसरं काही नको होतं. न्याय, भरपाई, शिक्षा या गोष्टी मी पुस्तकांत वाचल्या आहेत आणि त्या पुस्तकांतच बऱ्या दिसतात. मला एक वाक्य हवं होतं. ते मी आईला शंभरदा सांगितलं, पण माझ्या तोंडून ते मुलानं आईची समजूत काढल्यासारखं वाटतं. 'वेणीमुळं' हा शब्द मोठ्या डॉक्टरांनी उच्चारला होता. तो परत घ्यायला त्यांनीच यायला हवं होतं. ते आले नाहीत. आजतागायत.

दत्तूमामा आले. मागच्या हंगामात एका रविवारी मोटारसायकल दारात थांबली. त्यांनी दुधाचं कॅन आत आणलं नाही, स्वतःही उंबऱ्याच्या आत आले नाहीत. आई बाहेर आली तेव्हा सवयीनं जमिनीकडं बघत म्हणाले, "आक्का, म्या सांगाया पायजे व्हतं. केस वर घ्या म्हणून. समद्या जगाला सांगतो, आन् घरच्या पोरीला सांगाया लाजलो."

आईनं त्यांना आत बोलावलं. पाणी दिलं, चहा टाकला. चहा होईपर्यंत मुलीचं लग्न कसं झालं, जावई काय करतो, सगळं विचारलं. जावई एमआयडीसीत हाय, असं सांगता सांगता मामा रडायला लागले.

"तुमी कशापायी मनाला लावून घेताय, मामा?" आई म्हणाली. "बाईमाणसाला पुरुषानं असलं कसं सांगावं? तुमचं काय चुकलं न्हाय."

"आक्का, तुमचंबी न्हाय."

"वेणी मी घातली व्हती, मामा." आई शांतपणे म्हणाली. "आन् त्या दिशी तेलबी जास्ती घातलं व्हतं."

मी पुस्तक मिटून बाहेर गेलो. रस्त्यावर उसाची गाडी चढाला लागली होती, बैल माना खाली घालून ओढत होते, गाडीवान खाली उतरून चाकाला खांदा लावत होता. मला मोठ्यानं ओरडायचं होतं. कुणावर, ते कळत नव्हतं. जिची चूक नव्हती तिनं ती घेतली होती, वर तेलासकट घेतली होती, आणि ती तिच्याकडून काढून घेण्याचं बळ माझ्याकडे नव्हतं, मामांकडे नव्हतं. ज्याच्याकडे होतं त्याला सवड नव्हती.

या वर्षीही जानेवारीत तिथं तपासणी होईल. मामा सांगत होते की आता स्टाफच्या दिवशीही पडद्याआड एक बाई उभी करतात आणि सगळ्यांचे केस वर बांधून घेतात. असं का करतात, हे नव्या नर्सांना कुणी सांगितलेलं नाही. चांगलं आहे. मला ते ऐकून बरं वाटलं आणि रागही आला. दोन्ही एकदमच आले.

आई आता तिचे स्वतःचे केस डोक्यावर उंच बांधते, मानेला एक बट लागू देत नाही. वेणी ती कुणाचीच घालत नाही. माझी बायको सकाळच्या शाळेत शिकवते, ती आमच्या आधी निघते. मुलीची वेणी मी घालतो. ती दुपारपर्यंत सुटते.